बंपरवरची पट्टी

जुनी गाडी बाळगणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच दिसली पाहिजे, स्क्रूसुद्धा त्या काळचा हवा. दुसरा म्हणतो, झिजलं ते फेका, नवं आणून लावा, गाडी लखलखीत दिसली म्हणजे झालं. माझं दोघांशीही पटत नाही. मला वाटतं, झिजलेली वस्तू आधी दुरुस्त करून पाहावी, शक्यतो आपल्या हातांनी, आपल्या दारात. आणि ती वस्तू कारखान्याची नसून मधल्या कुणा मालकाने लावलेली असली तरीसुद्धा. म्हणणं एवढंच आहे, पण गेल्या उन्हाळ्यात त्यावरून आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली, म्हणून सविस्तर लिहितो.

चर्चेचा विषय होता बंपरवरची रबराची पट्टी. (पट्टी म्हटल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वेगळंच काही आठवेल. ती पट्टी नव्हे!)

गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८४ची. आमच्याकडे तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, पुढे फियाटशी असलेला करार संपला आणि त्याच गाडीला आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडचं जात नाही. आता जिल्ह्याचंच पाहा ना, कागदावर अहिल्यानगर झालं, पण एस.टी.च्या फलाटावर मी अजून 'नगरची गाडी लागली का?' असंच विचारतो, आणि समोरच्याला ते कळतं.

ही गाडी मी १९९६ साली राहुरी तालुक्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी ती बारा वर्षं वापरली होती, तीही रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर जाण्यासाठी. आमचा हा भाग उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी रस्त्यावर टायरच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असते. ऊस गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, हाकणारा दिवसभराच्या तोडीने थकलेला, कधीकधी झोपलेलाही. बैल मात्र वाट बरोबर धरून चालतात. अशा रस्त्यावर दोन-तीनदा घासाघीस झाल्यावर डॉक्टरांनी बंपरवर, पुढे आणि मागे, चार बोटं रुंदीची जाड रबरी पट्टी बोल्ट मारून बसवून घेतली. कंपनीने दिलेली ती नव्हेच. पुढच्या पट्टीवर डाव्या अंगाला वीतभर ओरखडा आहे आणि एके ठिकाणी रबराचा लचकाच निघाला होता. गाडी ताब्यात देताना डॉक्टर तिथे हात लावून म्हणाले होते, "मास्तर, ही नसती तर बंपर गेला असता."

चाळीस वर्षं ऊन खाऊन ती पट्टी राखाडी पडली, कोपऱ्यावर भेगाळली, आणि दोन्ही टोकांना आखडून मिळून इंचभर आखूड झाली.

पुण्याचा भाचा आला, पाहिली आणि म्हणाला, "मामा, ही ओरिजिनल नाही. काढून टाका. बंपर नुसता क्रोमचा छान दिसेल." मुलाचं मत वेगळं. "अहो बाबा, मीटरवर पट्टी मिळते, मागे चिकटपट्टी लावलेलीच असते, दहा मिनिटांचं काम." दोघंही चुकीचं बोलत होते असं नाही. मीटरवरची ती पट्टी स्वस्त असते आणि पहिल्या दिवशी दिसतेही छान. पण ती बहुधा पी.व्ही.सी.ची. तिला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या द्रव्यामुळे, ते हळूहळू बाहेर पडतं आणि पट्टी कडक होते. आणि मे महिन्यात आमच्याकडे बंपरवर हात ठेववत नाही, तिथे मागची चिकटपट्टी किती दिवस तग धरणार?

भाच्याच्या आक्षेपाचं उत्तर जास्त विचार करून द्यावं लागलं. 'मूळ' म्हणजे काय? मी तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. जुन्या पोथीच्या समासात मधल्या कुणी वाचणाऱ्याने एखादी टीप लिहिलेली असते. मूळ ग्रंथकाराची ती नसते, म्हणून काही ती कुणी खरवडून काढत नाही. उलट पोथी कुठे फिरली, कोणी वाचली, हे त्या टिपेवरूनच कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून सारख्या दिसणाऱ्या हजारो गाड्या बाहेर पडल्या. त्यांतली ही एक राहुरीच्या उसाच्या रस्त्यांवर फिरली याची खूण म्हणजे ती पट्टी. ती काढली की गाडी कुणाचीही होते. भाच्याला हे पटलं का? पूर्ण नाही. "ठीक आहे मामा, पण खाली गंज धरला असेल," एवढं बोलून त्याने विषय थांबवला. त्याचं हे म्हणणं खरं निघालं, ते पुढे येईलच.

आता रबराविषयी थोडं. रसायनशास्त्र माझा विषय नव्हे, पण शाळेतले विज्ञानाचे सहकारी आणि पुस्तकं यांच्याकडून जेवढं उमगलं तेवढं सांगतो. रबर हे नाव खोडरबरावरून पडलं आहे! १७७० साली जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवलं की या पदार्थाने पेन्सिलीचं लिखाण घासून पुसता येतं. घासणं म्हणजे इंग्रजीत 'रब', म्हणून रबर. टायरच्या आधी ते शाळेचं होतं, याचा मला मास्तर म्हणून आनंद आहे. नुसतं चिकाचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने त्यात गंधक घालून तापवलं आणि ते दोन्ही ऋतूंत टिकेल असं झालं. गंधकाने रबराचे लांब धागे एकमेकांना आडवे बांधले जातात. या माणसाने रबराच्या नादात आयुष्यभर कर्ज केलं आणि १८६० साली कर्जातच गेला. त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी नंतर १८९८ साली दुसऱ्यांनी काढली.

हे सांगण्याचं कारण असं की एकदा गंधकाने बांधलेलं रबर पुन्हा वितळवून ओतता येत नाही. बादलीचं प्लास्टिक वितळतं, रबर जळतं. म्हणजे भेग पडली तर ती भरायची किंवा जोडायची, एवढेच मार्ग उरतात. दुसरी गोष्ट, रबराला काळा रंग असतो तो काजळीचा. ती रंगासाठी नव्हे, ताकदीसाठी आणि उन्हापासून बचावासाठी घालतात. तिसरी, आणि मला सगळ्यांत मजेची वाटलेली, म्हणजे हवेतल्या ओझोन वायूने रबर फाटतं, पण फक्त ताणलेल्या जागी, आणि भेगा ताणाला आडव्या पडतात. पुन्हा गाडीपाशी जाऊन पाहिलं. सरळ भागावर पट्टी नुसती फिकट, आणि बंपरच्या वळणावर, जिथे ती ओढून बसवली होती, तिथे उभ्या भेगा ओळीने. पुस्तकात छापल्यासारख्या! नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. मुलं तोफा पाहतात, फोटो काढतात. पुढच्या वेळी गेलात तर जरा वाकून चाकं पाहा. विजयंतासारख्या रणगाड्याच्या चाकांनाही रबराची धाव असते. जवळपास चाळीस टनांखाली राबणारं रबर कसं म्हातारं होतं ते तिथे पाहायला मिळेल.

प्रत्यक्ष कामाला मला आठ दिवस लागले. दिवसातून तासभर, सकाळच्या सावलीत.

पहिले दोन दिवस बोल्टांनी खाल्ले. आतल्या बाजूचे नट गंजून एकजीव झाले होते. घाई केली की बोल्ट तुटतो आणि मग पट्टीत भोक मोठं करावं लागतं. रात्री तेल सोडायचं, सकाळी पाव आटा फिरवायचा, पुन्हा मागे, पुन्हा तेल. पट्टी निघाली तेव्हा भाच्याचा गंज दिसला. पट्टीमागे पाणी आणि धूळ साचून बंपरचं क्रोम फुगलं होतं, दोन ठिकाणी पापुद्रे निघत होते. म्हणून मला वाटतं, पट्टी ठेवायची असो की नसो, दहा वर्षांतून एकदा ती काढून मागे पाहावंच. गंज पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साईडचे दोन हात दिले, वर काळा रंग. पट्टीखाली झाकलं जाणार, तिथे क्रोमचा हट्ट नको.

पट्टी साबणाच्या पाण्यात जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली आणि सावलीत वाळवली. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांतलं काही लावू नका. गॅरेजमध्ये पोरं डिझेलचा बोळा फिरवतात, रबर लगेच काळंभोर दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ते तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि पोचट होतं. खोबरेलही नको, रबर चिकट होतं आणि धूळ धरतं.

भेगांचं काम मी आमच्या पंक्चरच्या दुकानात शिकलो. दुकानदार माझा विद्यार्थी. शाळेत त्याचं आणि व्याकरणाचं कधी जमलं नाही, पण सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावताना त्याचा हात पाहावा. तो घासतो, सोल्युशन लावतो आणि मग थांबतो. मी शेजारी बसून पाहत होतो, तर म्हणाला, "सर, सगळे इथंच चुकतात. ओलं असतानाच चिकटवतात. बोटाला चिकटायचं थांबलं की मग ठिगळ ठेवायचं." कारण सोल्युशन म्हणजे विरघळवलेलं रबर, त्यातला विरघळवणारा भाग उडून गेल्याशिवाय दोन रबरं एकमेकांना धरत नाहीत. ते थांबणं दहा मिनिटांचं असतं आणि सगळं काम त्यावर उभं असतं.

त्याच पद्धतीने, लचका निघालेली जागा खरखरीत पेपरने घासून स्वच्छ केली, जुन्या मडफ्लॅपमधून मापाचा तुकडा धारदार पात्याने तिरप्या कडेचा कापला, दोन्हीकडे सोल्युशन, थांबणं, मग वर लाकडी ठोकळा ठेवून शिकंजात एक दिवस आवळून ठेवलं. बारीक भेगांसाठी मडफ्लॅप घासून निघालेला रबराचा भुगा सोल्युशनमध्ये कालवला आणि त्याची लुकण भेगेत दाबली. ती वाळली की आकसते, म्हणून दोनदा-तीनदा भरावी लागते. फेविक्विकचा मोह सगळ्यांना होतो. सरळ कापल्यासारखी भेग असेल आणि दोन्ही कडा बरोबर जुळत असतील तर ते उत्तम धरतं. पण वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, म्हणून वळणावर ते नको. पट्टी वाकते, ते वाकत नाही, आणि शेजारीच नवी भेग पडते.

राहिला इंचभर आखूडपणा. ओढून बसवली असती तर बसली असती, आणि ओझोनला पुन्हा ताणलेलं रबर मिळालं असतं. त्यापेक्षा पट्टी मधोमध, नंबरप्लेटच्या मागे येईल अशा जागी कापली आणि तिथे इंचाचा तुकडा जोडला. टोकं आपोआप जागेवर आली. जोड दिसत नाही, आणि दिसला असता तरी चाललं असतं.

शेवटी एरंडेल. हसू नका! पूर्वी ब्रेकच्या तेलात एरंडेल वापरत असत, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि एरंडेल त्याला मानवतं. (आताच्या ब्रेक ऑईलशी याचा काही संबंध नाही, कृपा करून ब्रेकमध्ये काही ओतू नका.) फडक्याला चार थेंब, पट्टीवर हात फिरवायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. नव्यासारखी काळी होत नाही. गडद राखाडी होते, धुतलेल्या पाटीसारखी. मला ती तशीच आवडली.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, मास्तर गाडीचं सगळंच रबर घरी दुरुस्त करा म्हणताहेत. मुळीच नाही. ब्रेकचे होज, ब्रेक सिलिंडरमधले वॉशर, टायर, इंजिनाखालचे माउंटिंग, पेट्रोलची नळी यांना ठिगळ लावायचं नाही. ते बदलायचं, आणि जाणत्या मिस्त्रीकडून. बंपरची पट्टी घरी करावी ती अशासाठी की ती फसली तर कुणाच्या जिवावर बेतत नाही. शिकायला अशीच जागा हवी. आणि 'जुनं ते सोनं' असंही माझं म्हणणं नाही. माझी गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे मला माहीत आहे. महिन्याला चाळीसेक किलोमीटर फिरते, तेवढ्यावर मी थांबतो.

पण सरकारी हिशेबात हे चाळीस किलोमीटर दिसत नाहीत, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती फी मोटारीला सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. तपासणी करा, कडक करा, ब्रेक लागत नसेल तर गाडी रस्त्यावरून काढा, मी टाळ्या वाजवीन. पण फी ठरते ती वयावर. रोज शंभर किलोमीटर पळून धूर ओकणारी दहा वर्षांची गाडी आणि शेडमध्ये झाकून ठेवलेली चाळीस वर्षांची गाडी यांत म्हातारी तीच दोषी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा न्याय जरा ओळखीचा वाटतो. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, ते चांगलंच झालं. पण पंधरा आणि पन्नास यांच्यामधली पस्तीस वर्षं गाडीने काढायची कशी? माझी गाडी २०३४ साली पन्नाशीची होईल. तोवर तिने भंगारात न जाता टिकायचं, तर कुणीतरी तिचे बोल्ट रात्री तेलात भिजवायला हवेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही दिसेनाशी झाली. लोक हळहळले, फोटो निघाले, लेख आले. पण त्या टॅक्सींबरोबर त्यांना चालत्या ठेवणारे हातही घरी बसले, त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक संकेतस्थळ सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण हक्क मिळाला तरी ठिगळ ठेवण्याआधी दहा मिनिटं थांबणं कुठल्या संकेतस्थळावर शिकायचं? ज्या नगरच्या कारखान्यात लूना तयार होत असे, त्याच जिल्ह्यात एके काळी प्रत्येक घरात एक तरी माणूस प्लग साफ करणारा, क्लच वायर बदलणारा होता. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांकडून कागदी फुलं करून घेतली. त्याऐवजी वर्षातून चार तास पंक्चरवाल्याला वर्गात बोलवावं, असं मी हल्ली भेटेल त्या मुख्याध्यापकांना सांगतो. ते हसतात. एकाने तर "त्याला मानधन कुठल्या शीर्षकाखाली द्यायचं?" असं विचारलं. प्रश्न रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. पुढची पट्टी एक पावसाळा काढून बसली आहे. वळणावरच्या दोन भेगा पुन्हा केसाएवढ्या उघडल्या आहेत, त्या हिवाळ्यात भरीन. मडफ्लॅपचा तुकडा घट्ट आहे, बोटाने चाचपल्यावरच कळतो. मागची पट्टी अजून बाकी आहे. तिचे सहा बोल्ट आहेत, त्यांतल्या चारांना तेल सोडलं आहे. उरलेल्या दोघांपर्यंत माझा हात पोचत नाही, गाडीखाली झोपावं लागतं. दिवाळीला भाचा येणार आहे, ते काम त्याच्यासाठी राखून ठेवलं आहे.